धातू कापायचा बँडसॉ घेताना: चाळीस हजारांत काय पाहायचं?

ब्रह्मपुरीहून बोलतोय. या भागात आकडे बरेच आहेत आणि आकडे कानात राहत नाहीत, म्हणून सगळं बोलणं इथे लिहूनही ठेवलंय. प्रश्न एकच आहे, आणि तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलाय: घरच्या लहान वर्कशॉपसाठी, बेताच्या पैशात, लोखंड कापायचा बँडसॉ कोणता घ्यावा?

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्या जंगलपट्ट्यात ‘बँडसॉ’ म्हटलं की लोकांना आरामशीनच दिसते. मी मशीन घ्यायचं घरी बोललो, तर आईचा पहिला प्रश्न, “फॉरेस्टवाले येतीन काय रे?” तिचं काही चुकलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयात गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ चा आदेश आला, तेव्हापासून आरागिरण्यांवरची नजर फार कडक झाली. आपली मशीन वेगळी. लाकडाच्या बँडसॉचं पातं मिनिटाला हजार मीटर किंवा त्याहून जास्त धावतं. लोखंडाच्या लहान बँडसॉचं मिनिटाला २० ते ५० मीटर. म्हणून लाकडाच्या जुन्या मशीनला लोखंडाचं पातं चढवून पैसे वाचवायचा विचार कोणी करत असेल, तर तो इथेच सोडा. त्या वेगात दात काही क्षणांत जळतात, आणि पातं तुटलं तर अंगावर येतं.

मला बँडसॉ का लागला

मी दिवसा राइस मिलमध्ये मेंटेनन्स बघतो. संध्याकाळी घरामागच्या पडवीत माझं काम चालतं: ट्रॅक्टरचे केजव्हील, गेट, ग्रिल, कधी मिलचा एखादा शाफ्ट. कापायला होती चौदा इंची चॉप सॉ, म्हणजे ती घासून कापणारी चाकवाली मशीन. स्वस्त, दणकट, कुठेही मिळणारी. पण पाईप येतो वीस फुटी आणि माझी पडवी पंधरा फुटांची. त्यामुळे वेल्डिंग आत आणि कटिंग बाहेर अंगणात, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मागच्या हंगामात धान कापून झालं होतं. शेजारच्या काकाजींचे पुंजणे मळणीची वाट बघत उभे, आणि अलीकडे तणसीचा ढीग. मी केजव्हीलचे अँगल कापत होतो. ठिणग्या नेहमीप्रमाणे मागे उडत होत्या, आणि त्या मागे काय आहे याकडे माझं लक्ष नव्हतं. धूर दिसला तो काकाजींना. दोन बादल्या पाणी आणि एक ओलं पोतं, एवढ्यात विझलं. ढिगाची एक कड तेवढी गेली. काकाजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पोरा, तुज्या मशिनीनं माज्या वर्षाचं खाणं जाळलं असतं ना गा!”

ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या भोवती ३५ फुटांत, म्हणजे सुमारे ११ मीटरमध्ये, पेट घेणारं काही नको, असा कारखान्यांमधला नियम आहे. ब्रह्मपुरीत, जिथलं मे महिन्याचं तापमान देशभराच्या बातम्यांत येतं, तिथे माझ्या अंगणात हा नियम पाळायला जागाच नव्हती. बँडसॉ दाताने कीस काढत कापतो, ठिणग्या जवळजवळ नाहीतच. माझ्यासाठी मुख्य कारण हे. चाकाचा कट अडीच-तीन मिलिमीटर माल खातो आणि पात्याचा एक मिलिमीटरच्या आसपास, हा फायदा वरचा.

पहिली पायरी: वही

हातात होते चाळीस हजार. दुकानात जायच्या आधी मी एक महिना वही ठेवली: काय कापलं, किती जाड, सरळ की तिरकं. महिन्यात १८६ कट झाले. त्यात १४३ चौकोनी पाईप आणि अँगल, ३१ पट्ट्या, आणि फक्त १२ भरीव गज. सगळ्यात मोठा ५० मिलिमीटरचा. तिरके कट सगळे मिळून २२.

ही वही नसती तर मी सात इंची मशीन बघत बसलो असतो. दुकानदार मोठीच दाखवतो आणि आपल्यालाही मोठीच आवडते. तुमच्या वहीत महिन्याला वीसच कट निघाले, तर खरं सांगतो, चांगली हॅक्सॉ फ्रेम आणि चांगलं ब्लेड पुरे. फक्त भरीव गजच कापत असाल, तर जुनी पॉवर हॅक्सॉही वाईट नाही. सावकाश कापते, पण साधी असते.

कोणता प्रकार

बाजारात आपल्या कामाचे तीन प्रकार दिसतात.

एक, हातात धरायचा पोर्टेबल बँडसॉ. तो स्टँडवर बसवून टेबलासारखाही वापरता येतो. साइटवर जाणाऱ्याला उत्तम. पण हाताने कट गुण्यात ठेवणं कठीण.

दोन, आडवा बिजागरीचा बँडसॉ, ज्याला ‘चार बाय सहा’ म्हणतात. वरची कमान स्वतःच्या वजनाने खाली येत कापते. साधारण साडेचार इंची गोल आणि चार बाय सहा इंच चौकोनी माल त्यात बसतो. शंभराचा चॅनलसुद्धा जातो. घरच्या वर्कशॉपची मशीन हीच.

तीन, दोन खांबांचा मोठा बँडसॉ. तो थ्री फेजवर चालतो आणि त्याला जागाही लागते. रोज गजांच्या थप्प्या कापणाऱ्याने घ्यावा.

दुसऱ्या प्रकारातही एक फरक नीट बघा. तिरका कट मारताना काही मशीनमध्ये व्हाइस फिरतो, काहींमध्ये कमान फिरते. कागदावर दोन्ही सारखेच, ‘४५ अंशापर्यंत’. पण व्हाइस फिरला की त्यात धरलेला वीस फुटी पाईपही फिरतो आणि भिंतीला जाऊन टेकतो. कमान फिरली तर पाईप जागच्या जागी राहतो. शिवाय तिरक्या कटात मापही कमी बसतं, तो आकडा वेगळा विचारून घ्या. कमान फिरणारी मशीन महाग होती. माझ्या वहीत तिरके कट २२, आणि तेही बहुतेक तोडलेल्या लहान तुकड्यांवरचे. म्हणून मी व्हाइस फिरणारी घेतली, पण मशीन दाराच्या सरळ रेषेत बसवली. पाईपचं टोक दारातून बाहेर राहतं, कटिंग आत होतं.

वीज

घरी सिंगल फेज आहे तर सिंगल फेजचीच मोटर घ्या. या आकाराला अर्धा ते एक एचपी पुरते. मोटरपेक्षा आधी घरचं व्होल्टेज मोजा, तेही संध्याकाळी, पंप सुरू असताना. नाव २३० चं असलं तरी माझ्याकडे मीटरने १९५ दाखवलं होतं. अशा वेळी मोटर ओढत नाही, तापते. मीटरपासून वेगळी जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि खरं अर्थिंग, हा खर्च मशीनच्याच बजेटमध्ये धरा.

आणखी एक. गिऱ्हाइकाचं काम घेत असाल तर घरगुती मीटरवर ते चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, मंजूर कारणाऐवजी दुसऱ्याच कारणासाठी वीज वापरली तर दुप्पट दराने आकारणी होते.

खरी मशीन म्हणजे पातं

स्वस्त मशीनवर चांगलं पातं चढवलं तर ती नीट कापते. महाग मशीनवर वाईट पातं असेल तर तीही वाकडंच कापते. मशीनसोबत येणारं पातं बहुतेक वेळा साध्या कार्बन स्टीलचं असतं. ते सरावासाठी ठेवा. बायमेटल घ्या. त्यात पाठ लवचिक पोलादाची आणि दात हायस्पीड स्टीलचे असतात. एम-४२ लिहिलेलं असेल तर दातांत ८ टक्के कोबाल्ट असतो; ते उष्णता जास्त सोसतं.

आता दात किती हवेत? टीपीआय म्हणजे इंचाला किती दात. नियम असा: कापल्या जाणाऱ्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असावेत. १४ टीपीआयमध्ये दोन दातांतलं अंतर १.८ मिलिमीटर. म्हणजे ५ मिलिमीटर जाडीत जेमतेम तीन दात येतात. पण २ मिलिमीटरच्या पाईपच्या भिंतीत एखादाच दात येतो. तो अडकतो आणि तुटतो, मग त्याच्या मागचेही जातात. एवढ्या पातळ भिंतीला नियम पुरा पाळता येतच नाही, म्हणून १४/१८ सारखं बारीक पातं लावायचं आणि दाब हलका ठेवायचा. उलट ५० मिलिमीटरच्या भरीव गजाला तेच पातं लावलं तर तीसेक दात एकदम आत असतात, मधल्या खाचा किसाने भरतात आणि पातं नुसतं घासत राहतं. तिथे ६/१० लागतं. म्हणून दोन पाती घ्या, एक पाईपसाठी, एक गजासाठी.

पात्याची लांबीही आधी बघा. चार बाय सहाला बहुधा १६३८ मिलिमीटर, म्हणजे साडेचौसष्ट इंचाचं, अर्धा इंच रुंद पातं लागतं. मशीनची लांबी भलतीच निघाली तर प्रत्येक पात्यासाठी नागपूरला खेप. दुकानदाराला सरळ विचारा, “हे पातं तुमच्याकडे आत्ता आहे का?”

नवीन पात्याचे पहिले काही कट अर्ध्या दाबाने मारा. पुढे कीस बघत राहा. भुकटी पडते म्हणजे दाब कमी, निळा जाड कीस म्हणजे दाब किंवा वेग जास्त, सुटसुटीत वळलेला कीस म्हणजे बरोबर.

दुकानात काय तपासायचं

नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत फिरताना मी पिशवीत ५० मिलिमीटरचा एक गज, व्हर्नियर आणि गुण्या घेऊन गेलो होतो. दुकानदार हसला, पण कापून दाखवलं.

चाचणी अशी. गजाचं टोक कापा. मग गज व्हाइसमध्ये अर्धा फेरा फिरवून पाच मिलिमीटरची चकती कापा. ती वर-खाली आणि डावी-उजवीकडे मोजा. गज फिरवला नाही तर दोन्ही कट एकाच बाजूला कलतात आणि चकती सारखीच जाड दिसते. चूक लपून राहते. फिरवला की चूक दुप्पट होऊन दिसते. पहिल्या मशीनवर फरक सव्वा मिलिमीटर आला, दुसरीवर ०.३. दुसरी दिसायला साधी होती, पहिलीचा रंग छान होता.

त्याशिवाय तीन गोष्टी बघा. कमान खाली सोडायला हायड्रॉलिक सिलिंडर आहे का. नुसती स्प्रिंग असेल तर पातळ पाईपवर कमान आदळते आणि दात जातात. कट संपला की मोटर आपोआप बंद होते का. आणि पात्याचे गाइड बेअरिंग हलवून नीट बसवता येतात का.

हिशेब

मशीन एकतीस हजारांत बसली. उरलेल्या नऊ हजारांत दोन बायमेटल पाती, वायरिंग, अर्थिंग आणि गाडीभाडं. पन्नासच्या गजाला चार-पाच मिनिटं लागतात. चॉप सॉइतकी घाई तिला जमत नाही, पण मी तेवढ्या वेळात पुढच्या तुकड्याला खूण करतो. पावसाळ्यात पाती तेलाचा हात फिरवून टांगून ठेवतो, नाहीतर आठवड्यात गंज. आणि मशीन चालू असताना हातमोजे नाहीत. पातं मोजा ओढतं, मोज्यासोबत बोट जातं.

चॉप सॉ अजून आहे, पण ती आता फक्त पावसाळ्यात बाहेर निघते. यंदा काकाजींचे पुंजणे पुन्हा कुंपणापलीकडे लागले, तेव्हा ते पडवीत येऊन मशीन चालताना बघत उभे राहिले. ठिणगी दिसेना, म्हणून विचारलं, “हे कापते तरी काय गा?” मी त्यांच्या हातात अजून कोमट असलेली चकती ठेवली.

तुमची महिन्याची वही झाली की मला कळवा, आकडे बघून बोलू. भेटू पुढच्या भागात. तोवर, काम करताना ठिणगी कुठे जाते ते एकदा मागे वळून बघा. नमस्कार.