रात्री किंचाळून उठणारे बालक

रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास गाढ झोपलेले मूल एकाएकी किंकाळी फोडून उठून बसते. डोळे सताड उघडे, अंगाला दरदरून घाम, नाडी द्रुत. आई जवळ घेऊ लागली तर तिलाच लोटून देते. पाच-दहा मिनिटांनी आपोआप शांत होऊन पुन्हा झोपी जाते आणि सकाळी त्याला यातील काहीच आठवत नाही. आठवते ते आईवडिलांना. अशी तक्रार घेऊन येणारे पालक आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. आपल्याकडे येण्यापूर्वी मीठ-मोहरीने दृष्ट काढून झालेली असते, गळ्यात ताईतही असतो.

त्याबद्दल त्यांना हसण्याचे कारण नाही. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले, वाग्भटाचार्यांनी बारा. वाग्भटोक्त सामान्य ग्रहलक्षणांत त्रास म्हणजे दचकणे, प्रजागर, रोदन, स्वतःच्या व धात्रीच्या अंगावर नखांनी ओरबाडणे ही लक्षणे आली आहेत. मात्र त्याच यादीत तोंडास फेस येणे, दृष्टी वर लागणे, दात-ओठ चावणे हीही आहेत. ही दुसरी लक्षणे पालकांनी सांगितली, अथवा एकाच रात्री अनेक वेळा, दर वेळी हुबेहूब त्याच हालचाली होत असल्या, तर अपस्माराचा विचार करून रुग्णास विनाविलंब मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठविले पाहिजे. येथे आठ दिवसांचे औषध देऊन वाट पाहणे योग्य नव्हे.

दुसरा भेद दुःस्वप्नाचा. दुःस्वप्न बहुधा उत्तररात्री, स्वप्नावस्थेच्या निद्रेत पडते. मूल पूर्ण जागे होते, आईला बिलगते, ‘वाघ आला होता’ असे सांगते. निशाभीती मात्र झोप लागल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत, गाढ निद्रेतून अर्धवट जाग आल्याने उद्भवते. मूल भ्यालेले दिसते, पण ते जागे नसते. म्हणूनच त्याला हलवून, तोंडावर पाणी मारून उठविण्याने गोंधळ वाढतो. जवळ बसावे, पडणार नाही वा लागणार नाही एवढे पाहावे, दिवा मंद ठेवावा. घरात पूर्वी कोणी झोपेत बोलणारे वा चालणारे होते काय, हे अवश्य विचारावे. पुष्कळदा वडीलच ओशाळून हसतात.

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी साडेचार वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आणला गेला. आठवड्यातून चार-पाच रात्री हाच प्रकार. आजीने दात खाण्याचा उल्लेख केला आणि आम्ही लगेच कृमींकडे वळलो. विडंगयुक्त कृमिघ्न कल्प दिला, सोबत ब्राह्मीघृत. पंधरा दिवसांनी स्थिती तीच. तिसऱ्या भेटीत आई एकटीच आली. तिने बराच वेळ काही सांगितले नाही, मग म्हणाली, “डॉक्टर, परवा मी त्याला मारलं. तो मला ओळखतच नव्हता. माझीच भीती वाटते का हो त्याला?” तीन आठवडे ही बाई सलग झोपली नव्हती, आणि आम्ही तिला तिच्या झोपेविषयी एका शब्दानेही विचारले नव्हते.

त्या दिवशी आम्ही इतिवृत्त पुन्हा पहिल्यापासून घेतले. मुलगा तोंड उघडे टाकून झोपे, घोरे, मान मागे टाकून झोपे. ‘वडीलही घोरतात’ म्हणून कोणाला त्यात विशेष वाटले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविल्यावर नाकामागील ग्रंथी व गलग्रंथी अतिशय वाढलेल्या आढळल्या. श्वासावरोधामुळे गाढ निद्रा वारंवार भंगत होती. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात किंचाळणे थांबले. श्रेय आमचे नव्हे. उलट पंधरा-वीस दिवसांचा विलंब मात्र आमचा.

प्रत्येक बालकात असे कारण सापडत नाही. बहुतेकांत अपुरी व अनियमित झोप, ज्वर, शाळेची सुरुवात, दुपारची झोप एकदम बंद होणे इतकेच हाती लागते. तीन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसाची धरून दहा ते तेरा तास झोप हवी. वडील रात्री अकराला कामावरून येणार आणि तोवर दूरदर्शनसंच चालू राहणार, अशा घरात ती कोठून मिळावी? महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तोही मुलांच्या झोपेच्याच प्रश्नावरून. शाळेची वेळ उशिरा झाली म्हणून झोपण्याची वेळही पुढे ढकलली, तर त्याचा लाभ काय?

आम्ही पालकांना प्रथम आठवडाभर वेळेची नोंद ठेवावयास सांगतो. प्रकार रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटे मुलास हळुवार जागे करून पुन्हा झोपू द्यावे. दोन ते चार आठवडे हा क्रम ठेवल्यास अनेकांत चक्र मोडते. चरकाचार्यांनी निद्रानाशावर सांगितलेले अभ्यंग, स्नान, दूध, तूप यांपैकी सायंकाळचा अभ्यंग, कोमट पाण्याने स्नान व तळपायास तेल आम्ही आवर्जून सांगतो. ही व्याधी वाढत्या वयाबरोबर बहुधा आपणहून शमते. म्हणून उपशम झाला की तो आपल्याच कल्पाचा गुण, असे आम्ही म्हणत नाही.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. ‘मूल रात्री झोपत नाही, काहीतरी द्या’ असे म्हणणारा ग्राहक प्रथम आपल्यापाशी येतो. गिरण्यांच्या काळात मुंबईत कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत, हा इतिहास फार जुना नाही. अहिफेन, धत्तूर, भंगा ही द्रव्ये औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये आहेत. असे कल्प वैद्याच्या देखरेखीवाचून बालकासाठी देऊ नयेत. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या पातळ औषधांचाही झोपेसाठी खप होतो, तो आपणच थांबवू शकतो. अशा ग्राहकास ‘मूल घोरते काय?’ एवढे विचारावे आणि वैद्याकडे धाडावे.

त्या मुलाच्या आईला आम्ही औषध दिले नाही. एक दिवसाआड रात्र वडिलांनी सांभाळावी आणि त्या रात्री तिने आजीच्या खोलीत झोपावे, असे चिठ्ठीवर लिहून दिले. पुढच्या भेटीला ती चिठ्ठी वडिलांच्याच खिशात होती.