आमची अधोली आणि काकीचे दीड किलो

आमच्या घरी आजीच्या सासूबाईंची लोखंडी अधोली आहे. आजी अजून तिनेच तांदूळ मोजते. मागे शेजारच्या काकीकडे पाहुणे आले, तेव्हा काकीने अधोलीभर तांदूळ उसने नेले. आजीने शीग लावून दिले. शीग म्हणजे मापाच्या काठावर राहणारा ढीग.

चार दिवसांनी काकीने दीड किलो तांदूळ आणून दिले. आजीने ते अधोलीत ओतले, तर अधोली काठापर्यंतपण भरली नाही. आजी काही बोलली नाही, पण तिचं तोंड उतरलं. काकीला वाटलं, आजी उगाच रागावली. दोघींचं बोलणं कमी झालं. मला वाईट वाटलं, कारण मी रोज काकीकडे खेळायला जाते.

मी आजीला जुनं कोष्टक विचारलं. ते असे आहे :

२ चिपटी = १ मापटे
२ मापटी = १ शेर
२ शेर = १ अधोली
२ अधोल्या = १ पायली

मग मी अधोलीभर तांदूळ पिशवीत घालून दुकानात नेले. सपाट अधोली भरली १ किलो ६५० ग्रॅम. शीग लावलेली भरली १ किलो ८०० ग्रॅम. घरी येताना कुरमुरे आणले. पाव किलो कुरमुरे अधोलीत मावलेच नाहीत! तेव्हा मला कळलं, अधोली जागा मोजते आणि तराजू वजन मोजतो.

आजी सांगते, पूर्वी आपल्याकडे मजुरीसुद्धा पायलीने भात मोजून देत. मालकाने शीग दिली नाही, तर मजुराचं नुकसान. शिवाय गावोगावच्या पायल्या लहानमोठ्या. वजनाचा शेर आणखी वेगळा, तो ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणून सरकारने १९५६ साली कायदा केला. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोची वजने हळूहळू आली. १९६२ च्या एप्रिलपासून व्यापारात शेर व मण बंद झाले. किलोचा हिशेब दहाच्या पटीत असतो, त्यामुळे तो सोपा जातो.

पण स्वयंपाकघरात जुनी मापे अजून आहेत. आई ‘पावशेर वांगी द्या’ म्हणते आणि भाजीवाला २५० ग्रॅम देतो. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा होता! आजी मीठ चिमटीने घालते, भाताचे पाणी बोटाच्या पेराने बघते. त्यात कोणाचं नुकसान नाही. पण दोन घरांत देणंघेणं असेल, तर माप एकच पाहिजे.

मी दोन्ही वजने वहीत लिहून काकीला दाखवली. काकी बोलली, “अगं, मला वाटलं अधोली म्हणजे दीडच किलो!” ती लगेच तांदूळ घेऊन आली. आजीने तिला चहा दिला. आता आमच्याकडे ठरलं आहे, ज्या मापाने न्यायचं त्याच मापाने परत करायचं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं माप असेल, तर त्यात तांदूळ भरून वजन करा आणि आकडा वर्गात सांगा. तुमची अधोली आमच्याएवढीच असेल, असं नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी