जुना पीसी, दुसरं साउंड कार्ड आणि कॅसेटींतला आवाज

परभणी, गंगाखेड, सेलू, मानवत. या भागातल्या जुन्या घरांच्या कपाटांत कॅसेटींचे डबे अजून पडून आहेत. कुणी सप्ताहातलं कीर्तन टेप करून ठेवलंय, कुणी लग्नानंतर घातलेला गोंधळ, तर कुणी तुराबुल हक यांच्या उरुसातली कव्वाली. गोंधळी राजारामबापू कदम यांच्या परभणीत असे डबे निघाले नाहीत तरच नवल. पण टेपवरचा चुंबकीय थर वर्षागणिक कमजोर होतो आणि इथला उन्हाळा त्याला मानवत नाही. हा आवाज संगणकावर उतरवून घ्यायला नवं मशीन लागत नाही. अडगळीतला पेंटियम फोर चालतो. त्यात फक्त दुसरं साउंड कार्ड बसवावं लागतं.

आवाज येतोय, मग दुसरं कार्ड कशाला?

इंटेलने 1997 मध्ये एसी-97 हे मानक आणलं आणि पुढे साउंड कार्डचं काम मदरबोर्डवरच्या लहानशा चिपकडे गेलं. पीसी स्वस्त झाला. गाणी ऐकायला ती चिप पुरते, रेकॉर्डिंगला मात्र बऱ्याचदा तोकडी पडते, कारण आजूबाजूच्या सर्किटांचा विद्युत गोंगाट ती उचलते. हे ज्याचं त्याला तपासता येतं. हेडफोन लावून रेकॉर्डिंगची पातळी वाढवायची आणि नुसता माउस सरकवायचा. कित्येक जुन्या मशिनांवर माउसबरोबर बारीक किरकिर ऐकू येते. कीर्तनकार क्षणभर थांबतात, तिथे नेमकी तीच किरकिर टोचते.

अशा मशिनात पांढरे पीसीआय स्लॉट असतात. त्यांत बसणारी, सी-मीडियाच्या चिपची साधी कार्डं एके काळी खूप खपली. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात विचारून पाहावं. कार्ड बसवताना पीसी बंद करून वायर भिंतीतून काढायची. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. ग्राफिक्स कार्डापासून लांबचा स्लॉट निवडायचा, त्यामागची पत्र्याची पट्टी काढायची आणि कार्ड दोन्ही टोकांनी सारखं दाबून बसवायचं. जुन्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर कारागीर खोडरबराने हलकेच पुसतात. तो उपाय खरोखर चालतो. शेवटी स्क्रू मात्र आवळायलाच हवा, नाहीतर पिन ओढताना कार्ड स्लॉटमधून हलतं.

काही मदरबोर्ड नवं कार्ड दिसताच आपली चिप आपोआप बंद करतात. तसं झालं तर बायोसमधलं ऑडिओचं सेटिंग ‘ऑटो’वरून ‘एनेबल्ड’वर आणायचं. मग विंडोज एक्सपीच्या ‘साउंड्स अँड ऑडिओ डिव्हायसेस’मध्ये ऐकण्यासाठी जुनी चिप आणि रेकॉर्डिंगसाठी नवं कार्ड निवडायचं. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार एप्रिल 2014 मध्ये संपला, त्यामुळे हा पीसी इंटरनेटला न जोडलेलाच बरा.

सगळ्यात जास्त घोटाळा पिनेत होतो. टेपरेकॉर्डरची वायर गुलाबी भोकात नको, फिकट निळ्या लाइन-इनमध्ये हवी. गुलाबी भोक माइकचं. माइकमधून येणारे मिलिव्होल्ट वाढवण्यासाठी ते असतं. टेपचा त्याहून कितीतरी जोरदार सिग्नल तिथे दिला की आवाज फाटतो. यूएसबीवर चालणाऱ्या स्वस्त साउंड कार्डांतही पुष्कळदा माइकचंच भोक असतं, घेताना ते पाहून घ्यावं. टेपचं हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं तर अर्धी खरखर तिथेच कमी होते. तरी घुमल्यासारखा आवाज राहिला, तर तो बहुधा विजेच्या 50 हर्ट्झचा. टेप आणि पीसी एकाच बोर्डावर लावून पाहायचे.

सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा घेतं. साठ मिनिटांची कॅसेट साधारण 635 एमबीची होते. 80 जीबीच्या डिस्कवर विंडोज सोडूनही शंभरेक तास मावतात. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरची एक्सपीवर चालणारी जुनी आवृत्ती यासाठी उत्तम. मूळ फाइल वेव्हमध्येच ठेवावी, एमपीथ्री नंतर करता येते.

फाइलला नाव काय द्यायचं, हा प्रश्न कार्डाइतकाच मोलाचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांच्या साथीने त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित झाल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज 1996 मध्ये असाच टिपला गेला आणि 2017 पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने हा ठेवा लोकांपुढे आणला. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही नोंदलेलं असतं. घरच्या कॅसेटीलाही तेवढंच हवं: कोण गातंय, कुठलं गाव, कुठला प्रसंग, अंदाजे साल. कॅसेटीवरची शाई पुसली असेल तर घरातल्या आजीला शेजारी बसवून ऐकवावं आणि ती सांगेल ते त्याच फाइलच्या शेवटी तिच्या आवाजात जोडून घ्यावं.