हवेतली दीपमाळ

जत्रेत शिरताना आई बजावते, "चुकलास तर दीपमाळेपाशी ये." जागा आधी ठरलेली असली, की चुकामूक होत नाही. हो ना, दोस्तांनो?

अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांनीही अशीच एक जागा ठरवली. पण रस्त्यावर नव्हे, हवेत! तिथे बऱ्याच ट्रकमध्ये 'सीबी' नावाचा छोटा रेडिओ असतो. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. मोबाइलला रेंज नसेल, तिथेही हा चालतो. १९७७ पासून त्याचे चॅनेल आहेत ४०. आता समजा, धुक्यात अपघात झालाय. पाहणारा ७ वर ओरडतोय आणि मागचे ड्रायव्हर ३० वर ऐकताहेत. काय उपयोग?

म्हणून १९७० च्या सुमारास सरकारने ९ क्रमांक संकटातल्या हाकेसाठी राखून ठेवला. वाटेतल्या बोलण्यासाठी ट्रकवाल्यांनी १९ धरला. तसा कायदा नाही, नुसता रिवाज! पण "पुढे रस्ता बंद, सावकाश या" एवढी एक हाक मागच्या कितीतरी गाड्या वाचवते.

मात्र दोघं एकदम बोलले, तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. आमच्या वर्गात ४० तोंडं आहेत. तिथे हे कधी कळणार, देव जाणे!

आणि हो, तुमच्या घरची दीपमाळ कोणती? आजच आईबाबांना विचारा.