ब्रेक ऑइल उकळते तेव्हा

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे 500 मीटर खाली येते. 1400 किलोची गाडी एवढ्या उतारावर आवरून धरायची, तर जवळपास 69 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. वीसेक लिटर पाण्याला उकळी फुटेल इतकी ही उष्णता! गिअर खालचा असेल तर इंजिन तिचा मोठा वाटा उचलते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याच्या गाडीत मात्र ती बहुतेक सगळी डिस्क, ड्रम आणि पॅडवर येते आणि तिथून कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते.

द्रव दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. 1921 च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले, तेव्हापासून तत्त्व हेच आहे. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ मात्र आकसते. मग पेडल तळाला टेकते, तरी गाडी थांबत नाही.

नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल-ईथरचे असते. ते हवेतला ओलावा ओढते, अगदी रबरी होजमधूनसुद्धा. मानकानुसार ताज्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस हवा, डॉट 4 चा 230 आणि डॉट 5.1 चा 260. सुमारे 3.7 टक्के पाणी मुरले की हेच आकडे अनुक्रमे 140, 155 आणि 180 वर येतात. म्हणजे पाणी मुरलेल्या डॉट 5.1 चा भरवसा ताज्या डॉट 3 इतकाही उरत नाही! डब्यावरच्या आकड्यापेक्षा ऑइलचे वय महत्त्वाचे, ते यासाठी.

नुसते ‘डॉट 5’ लिहिलेला डबा घेऊ नका. ते सिलिकॉनचे असते, ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसला चालत नाही. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको. ब्रेकची रबरी सीले फुगतात.

मोठ्या डिस्क बसवण्याची हौस मी समजू शकतो, पण ब्रेक दाबल्यावर एबीएस चालू होत असेल, तर थांबण्याचे अंतर टायरची पकडच ठरवते. मोठी डिस्क उष्णता जास्त पेलते, वारंवार ब्रेक लावताना ती उपयोगी पडते. पहिल्या ब्रेकला गाडी लवकर थांबेलच असे नाही. शिवाय पुढचेच कॅलिपर बदलले तर पुढच्या-मागच्या चाकांतला तोल बिघडू शकतो. माझ्या मते पैसे आधी चांगल्या टायरवर, मग पॅडवर घालावेत. ताजे ऑइल तर या सगळ्याच्या आधी.

दिवाळीत घाट उतरून गावी निघणार असाल, तर ऑइल शेवटचे कधी बदलले ते सर्व्हिसच्या बिलावर पाहा. दोन वर्षे उलटली असतील, तर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे, सीलबंद डब्यातले ऑइल घाला आणि चारही ब्रेकमधली हवा काढून घ्या.