बर्फावरचें लोटांगण

दुसऱ्याला पडलेला पाहून हसूं नये, ही शिकवण आपणां सर्वांना लहानपणींच मिळालेली असते. तरीही श्रावणांतल्या एखाद्या सकाळीं शेवाळलेल्या फरशीवरून जाणारे भारदस्त गृहस्थ छत्रीसुद्धां एकाएकीं खालीं बसते झाले, म्हणजे त्यांना हात देण्यापूर्वींच आपल्या ओठांच्या कोपऱ्यांत हसूं येऊन गेलेलें असतें. आज मी ज्या खेळाविषयीं बोलणार आहें, त्यांत सगळा डोंगरच अशी फरशी असतो, आणि तिच्यावरून घसरण्यासाठीं लोक पदरचे पैसे मोजतात. हा खेळ म्हणजे स्कीवर उभें राहून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा.

‘स्की’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेंतला असून त्याचा मूळ अर्थ चिरलेलें लाकूड असा आहे. नॉर्वेंतील शेतकरी आणि शिकारी हिवाळ्यांतील प्रवासासाठीं अशा लांब फळ्या पायांना बांधीत. फळी लांब असल्यामुळें शरीराचा भार मोठ्या जागेवर वांटला जातो आणि पाय बर्फांत रुतत नाहीं. तिचा तळ गुळगुळीत असल्यामुळें घर्षण फारच थोडें होतें. एवढ्या दोन गोष्टी जमल्या कीं बाकीचें काम गुरुत्वाकर्षण आपण होऊन करतें. या खेळांत वेग मिळविण्यासाठीं कांहींच शिकावें लागत नाहीं. सगळी विद्या लागते ती थांबण्यासाठीं. नवशिक्यांच्या बहुतेक फजित्यांचें मूळ येथेंच आहे.

अशा फजितीचें एक सुरेख वर्णन शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनीं करून ठेवलें आहे. पत्नीच्या क्षयरोगामुळें ते स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथें राहिले होते. २३ मार्च १८९४ रोजीं तेथील ब्रांगर बंधूंना बरोबर घेऊन ते सुमारें २४४० मीटर उंचीची माइनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून आरोझा गांवीं गेले. वाटेंत एक उतार इतका उभा लागला कीं, तेथें स्की काढून, एकमेकींना बांधून, त्यांवर बसून उतरावें असें ठरलें. वेग आवरण्यासाठीं डॉइलसाहेबांनीं टांचा बर्फांत रोंवल्या मात्र, ते स्वतः मागें फेंकले गेले आणि त्यांच्या स्की धन्याला टाकून, ब्रांगर बंधूंच्या शेजारून सणसणत, उताराखालीं दिसेनाशा झाल्या. त्या प्रवासांत खालीं येण्याचें बरेंचसें काम साहेबांच्या विजारीला करावें लागलें. हॅरिस ट्वीडचें कापड झिजत नाहीं, अशी ग्वाही त्यांच्या शिंप्यानें दिली होती. तो सिद्धांत प्रयोगाअंतीं टिकला नाहीं, अशा अर्थाची थट्टा त्यांनीं त्याच वर्षीं ‘स्ट्रँड’ मासिकांतील लेखांत केली.

हा प्रसंग गमतीचा खरा, पण बिनसवारीची स्की बाणासारखी जाते आणि तिच्या मार्गांत माणूस असेल तर गंमत तेथेंच संपते. म्हणून पुढें स्की आणि पाय यांना जोडणारा चामड्याचा पट्टा आला. आजच्या स्कींना तर अशी सोय असते कीं, बूट सुटतांच दोन लहान दांडे आपोआप खालीं येऊन बर्फांत रुततात आणि स्की जागच्या जागीं थांबते.

सुटलेली स्की जशी धोक्याची, तशी न सुटणारीही. पूर्वीं बूट स्कीला घट्ट जखडलेला असे. पडतांना ती लांब फळी बर्फांत अडकून वळली, कीं तरफेच्या न्यायानें सगळा पीळ पायाच्या हाडाला बसे. नॉर्वेंत जन्मलेले आणि अमेरिकेंत स्थायिक झालेले नामांकित स्कीपटु ह्याल्मर ह्वाम यांचा पाय १९३७ सालीं माउंट हूड येथें असाच मोडला. इस्पितळांत भुलीच्या गुंगींतून बाहेर येतां येतां त्यांनीं कागद आणि पेन्सिल मागितली, असें सांगतात. ठराविक मर्यादेबाहेर पीळ पडतांच बूट मोकळा करणारी पकड त्यांनीं तयार केली, ती या अपघातांतून. आजच्या पकडी स्वाराचें वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून जुळवाव्या लागतात. म्हणून भाड्यानें स्की घेतांना दुकानदारापाशीं संकोचानें वजन कमी सांगूं नये, आणि ऐटीनें कौशल्य अधिक सांगूं नये. पहिल्या लबाडीनें पकड भलत्या वेळीं सुटते. दुसरीनें ती सुटावयास हवी तेव्हां सुटत नाहीं.

हें सगळें मीं आधीं वाचलें होतें. परंतु वाचलेलें ज्ञान उतारावर उभें राहिल्यावर आठवतेंच असें नाहीं. पन्नाशी उलटल्यावर, तीन वर्षांपूर्वीं, पुतण्याच्या आग्रहावरून मी गुलमर्गला गेलों. पहिल्या दिवशीं शिकविणारे काश्मिरी गृहस्थ सारखें एकच वाक्य म्हणत होते, “साहेब, पुढें झुका.” आणि मी भीतीनें अधिकाधिक मागें रेलत होतों. उतरणीवर अंग मागें टाकावें, हें पायीं चालतांना उपयोगी पडणारें शहाणपण येथें नेमकें उलटें पडतें. भार टांचांवर गेला कीं स्कीचें पुढचें टोंक हलकें होतें आणि बर्फाला धरीत नाहीं. मग ती वळतही नाहीं आणि थांबतही नाहीं. दोन्ही टोंकें जवळ आणि मागल्या बाजू दूर, असा नांगराच्या फाळासारखा आकार करून वेग मारावयाचा असतो. पण तो फाळ टिकावा यासाठीं नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर टेकलेल्या असाव्या लागतात. ज्या दिशेची भीति वाटते तिकडेच झुकावें, तेव्हां कोठें ताबा येतो.

संध्याकाळपर्यंत मी चार वेळां न पडतां खालीं आलों. गर्वाचें घर खालीं असतें. माझें तर उतारावरच होतें! दुसऱ्या दिवशीं “काका, आतां वरच्या उतारावर चला,” असें पुतण्यानें म्हणतांच गुरुजींना न विचारतां मी निघालों. क्षणार्धांत फाळ सुटला, वेग वाढला, आणि खालीं मुलांचा एक घोळका दिसला. मीं सर्व शक्तीनिशीं “बाजूला व्हा! बाजूला व्हा!” असें ओरडावयास सुरुवात केली, तीही शुद्ध मराठींत. काश्मीरच्या त्या बर्फांत तें कोणाला कळणार? एका तरुण शिक्षकानें वाटेंतल्या मुलीला बाजूला ओढलें आणि माझा धक्का स्वतःवर घेतला. आम्ही दोघेही गडगडत गेलों. माझी टोपी, चष्मा आणि एक स्की अशीं तीन दिशांना गेलीं. पुतण्यानें टिपलेलें तें चलच्चित्र पाहून घरचीं माणसें अजून हसतात. त्या शिक्षकाचें मनगट मात्र मुरगळलें आणि ऐन हंगामांतली त्याची पंधरा दिवसांची कमाई बुडाली. तें त्या चित्रांत दिसत नाहीं. मीं भरपाई देऊं केली, ती त्यानें मोठ्या मिनतवारीनें घेतली.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघानें १९६७ सालीं स्कीस्वारांच्या वर्तनाचे नियम घालून दिले. त्यांत मागून येणाऱ्यानें आपली वाट अशी निवडावी कीं पुढच्याला धोका पोंचूं नये, असा एक नियम आहे. पुढच्याला पाठीमागें डोळे नसतात. म्हणून ओरडणें हा ब्रेक नव्हे. ताबा सुटूं लागतांच, वेग थोडा आहे तोंच, मीं आपण होऊन कुशीवर, चढाच्या बाजूला, बसावयास हवें होतें. पडतांना हातांवर भार घेऊं नये. काठी मुठींत राहिली तर आंगठ्याचे स्नायुबंध दुखावतात. उठतांना दोन्ही स्की शरीराच्या खालच्या अंगाला आणि उताराला आडव्या ठेवाव्या. नाहींतर उठणें हीच पुढच्या पतनाची सुरुवात ठरते. हा शेवटचा अनुभव मीं लागोपाठ तीनदां घेतला आहे.

आणि कांहीं चुकांना दुसरी संधि नसते. फेब्रुवारी २०२३ मध्यें गुलमर्गजवळच्या अफरवाटवर हिमलोट कोसळून दोन पोलिश स्कीपटु मृत्युमुखीं पडले. म्हणून हिमलोटाचा इशारा दिलेला असेल त्या दिवशीं आणि आंखलेल्या सीमेबाहेर जाणकार वाटाड्यावांचून पाऊल टाकूं नये.

पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, असें आपण म्हणतों. माझ्या बाबतींत ठेंच लागली मला आणि दुखापत झाली दुसऱ्याला. येत्या हिवाळ्यांत पुन्हां जाण्याचा बेत आहे. त्या शिक्षकाला तसें कळविलें, तेव्हां त्याचें उत्तर आलें: “जरूर या साहेब, पण पहिले तीन दिवस लहान मुलांच्या उतारावर.” मीं ती अट मान्य केली आहे.