हिंदूरावांचे घर आणि अशोकाचा स्तंभ

दिल्लीच्या उत्तरेस ‘रिज’ नावाची खडकाळ टेकडी आहे. तिच्यावरील मोठ्या सरकारी रुग्णालयाचे नाव ‘हिंदूराव’. तेथे रोज शेकडो रुग्ण येतात. परंतु हे हिंदूराव कोल्हापूरजवळच्या कागलचे, ही गोष्ट त्यांतील फारच थोड्यांस ठाऊक असेल.

हिंदूराव हे नाव नव्हे, किताब आहे. मूळ नाव जयसिंगराव घाटगे. त्यांचे वडील सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटगे यांनी 1798 साली पुणेकरांकडून ज्या निर्दयतेने पैसा उकळला, ती हकिगत मराठी वाचकांस परिचित आहेच. त्याच वर्षी सर्जेरावांची कन्या बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिली गेली. दौलतराव 1827 मध्ये निवर्तल्यावर ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी पाहिला. पण 1833 मध्ये त्यांना राजधानी सोडावी लागली. बहिणीची सत्ता गेली, तसे भावाचेही ग्वाल्हेरातील दिवस संपले. हिंदूराव दिल्लीस येऊन राहिले.

टेकडीवरचा प्रशस्त बंगला विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने बांधला होता. मार्च 1835 मध्ये फ्रेझरचा गोळी घालून खून झाला आणि त्याबद्दल फिरोजपूर झिरक्याचे नवाब शम्सुद्दीन खान यांना फाशी झाली. पुढे तो बंगला हिंदूरावांनी विकत घेतला, आणि जमिनीबरोबर एक विलक्षण वस्तू त्यांच्या मालकीची झाली. ती म्हणजे सम्राट अशोकाच्या शिलास्तंभाचे पाच तुकडे.

हा स्तंभ मूळचा मेरठचा. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो दिल्लीस आणून आपल्या शिकारमहालापाशी उभा केला. असा प्रचंड दगड हलवणे म्हणजे काय, ते त्याच सुलतानाने टोपऱ्याहून आणलेल्या दुसऱ्या स्तंभाच्या वर्णनावरून समजते. इतिहासकार अफीफ सांगतो, की स्तंभाभोवती सावरीच्या कापसाची रास घातली, पायाखालची माती उकरली आणि स्तंभ अलगद त्या कापसावर निजवला. मग त्याला बोरू व कच्चे कातडे गुंडाळून बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवले. प्रत्येक चाकाच्या दोराला दोनशे माणसे! यमुनेच्या काठापर्यंत असा प्रवास, पुढे नावांतून. तो स्तंभ आजही फिरोजशहा कोटल्यात उभा आहे.

मेरठच्या स्तंभाचे दैव मात्र निराळे. फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, 1713 ते 1719 च्या दरम्यान, दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन तो कोसळला व फुटला. शंभरावर वर्षे तुकडे तसेच पडून होते. त्यांवरची ब्राह्मी अक्षरे तोवर कोणाला वाचता येत नव्हती; 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली. हिंदूरावांनी ते पाचही तुकडे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला देऊन टाकले. एवढा भार कलकत्त्यास न्यायचा कसा, हा प्रश्न पडला. बेचाळीस चाकांचा गाडा या वेळी कोणी केला नाही. कोरीव लेखाचा भाग करवतीने कापला आणि तेवढाच रवाना केला. फिरोजशहाने ज्याला कापसावर निजवले असते, त्याला करवत लागली, हे वाचून मन विषण्ण होते. तरी लेख जपला गेला, हेही खरे.

1857 च्या वेढ्यापूर्वीच हिंदूराव वारले होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यांच्या बंगल्यावर तोफगोळे पडत राहिले, कारण इंग्रजांची मुख्य चौकी तेथेच होती. मेजर रीडच्या सिरमूर पलटणीतील 490 गुरख्यांपैकी 327 तेथे ठार वा जखमी झाले. भिंती चाळण झाल्या, पण मराठी सरदाराचे नाव त्या वास्तूला चिकटून राहिले ते कायमचे.

कलकत्त्याचा तुकडा 1866 मध्ये परत आला. दुसऱ्या वर्षी पाचही भाग जुळवून स्तंभ टेकडीवर पुन्हा उभा केला गेला. रुग्णालयाजवळ तो आजही दिसतो; सांधेही उघड दिसतात. चौथऱ्यावरील इंग्रजी शिलालेखात अशोक आहे, फिरोजशहा आहे, स्फोट आहे, इंग्रज सरकारही आहे. हिंदूरावांचा उल्लेख तेवढा नाही.